नऊ तासांचं लंडन, वीस तासांचं तळेगाव

नेटवर 'लंडन ते मुंबई' टाका. उत्तर तयार : सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ तास. सही ना? आता मुंबईच्या जागी 'तळेगाव ढमढेरे' टाका. शिरूर तालुक्यातलं, वेळ नदीकाठचं. हिशेब पार बदलतो.

आधी विमानाचा फंडा. ७,२०० हा आकडा पृथ्वीच्या गोलावर ताणलेल्या दोऱ्याचा. विमान तेवढं सरळ जातंच असं नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, म्हणजे आणखी वळसा. शिवाय वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात. घरी येताना वारा पाठीशी, परत जाताना तोंडावर. म्हणून जाताना वेळ जास्त लागतो.

आता जमिनीवर या. घरातून हीथ्रो १ तास. चेक-इनसाठी ३ तास आधी. विमान ९. मुंबईत इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास. पुढे गाडीनं पावणेदोनशे किलोमीटर : एक्स्प्रेस-वे, तळेगाव दाभाडे (ड्रायव्हरला नुसतं 'तळेगाव' सांगितलंत तर तो इथेच उतरवेल!), चाकण, शिक्रापूर आणि मग आपलं तळेगाव. चाकणला कंटेनरची रांग लागली की ५ तास धराच. पुण्यातून आलात तर वाघोली, सणसवाडी आहेतच. टोटल? साडेएकोणीस तास.

एरवी हा टाइमपास हिशेब. पण गावाहून 'आजी सीरियस आहे, निघ' असा फोन येतो तेव्हा हाच आकडा महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे मातीला फार थांबत नाहीत. नातू येणार असेल तर बर्फ मागवतात, पाहुण्यांना थांबवतात आणि एकच विचारतात : "किती वाजता पोचशील?" घाईत आपण विमानाचे नऊ तास सांगून बसतो. मग अख्खं गाव दहा तास जास्त दारात बसून राहतं. किंवा थांबत नाही.

शॉर्टकट आहे का? २००८ मध्ये लुफ्थान्सानं पुणे-फ्रँकफर्ट विमान सुरू केलं होतं, ते पुढे बंद पडलं. लोहगाव तळेगावहून जवळ, पण धावपट्टी हवाई दलाची आणि मोठ्या विमानांना तोकडी. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली. तिथे लांब पल्ल्याची विमानं उतरू लागली की मुंबई ओलांडायची कटकट तरी वाचेल.

तोवर तीन गोष्टी करा. पासपोर्ट-व्हिसाची तारीख आजच बघा. गावातल्या एका भरवशाच्या गाडीवाल्याचा नंबर सेव्ह करा. आणि आईला विमानाची नाही, दारात पाऊल ठेवायची वेळ सांगा.