विलायतेंतील वधूमाय

मुलीच्या लग्नांत आईला घटकाभर बसावयास मिळत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. माझ्या मुलीच्या लग्नांत मला बसण्याखेरीज फारसें कामच नव्हतें! रुखवत नाहीं, मानपान नाहीं, आचाऱ्याच्या मागें धांवणें नाहीं. यॉर्कशायरमधील एका लहानशा गांवच्या दगडी चर्चमध्यें, पुढच्या बांकावर, पैठणी नेसून आणि तिच्यावर लोकरीचा कोट घालून मी बसलें होतें. वैशाख महिना. नाशकास त्या वेळीं अंगाची लाही होत असेल, आणि येथें माझीं बोटें गारठून गेलीं होतीं. शेजारची जागा रिकामी होती. ती ह्यांची.

मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेण्याचें काम तिकडे बाप करतो. तें मीच केलें. हे आले नव्हते.

हे कर्मठ आहेत असें कोणास वाटूं नये. ह्यांनीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें आणि जातपात कधीं पाहिली नाहीं. शिक्षणासाठीं विलायतेस गेलेल्या मुलीनें तेथील एका इंग्रज तरुणाशीं लग्न करण्याचें ठरविलें, तेव्हांहि हे रागावले नाहींत. ह्यांचें म्हणणें एवढेंच कीं, लग्न नोंदणी पद्धतीनें व्हावें. "१८७२ च्या जुन्या कायद्यांत वधूवरांना आपण हिंदु नाहीं, ख्रिस्ती नाहीं, असें लिहून द्यावें लागे. १९५४ च्या कायद्यानें ती अट गेली. कोणीं कांहीं सोडावयास नको. नाशकास या, पहिला साक्षीदार मी होतों," असें हे म्हणाले. परंतु जांवईबापूंच्या घरीं त्यांची वृद्ध आजी होती आणि नातवाचें लग्न आपल्या चर्चमध्यें व्हावें, ही तिची शेवटची इच्छा होती. मुलीला बाप्तिस्मा घेण्याची जरूर नाहीं, असें तेथील धर्मोपदेशकांनीं आधींच सांगितलें होतें. तरी ह्यांचें मन वळेना. "ज्या वेदीपुढें मी प्रार्थना करूं शकत नाहीं, तेथें मुलीचा हात देण्यास कोणत्या तोंडानें उभा राहूं? तें नाटक होईल," हे म्हणाले. मुलगी दुखावली. "बाबांना माझ्यापेक्षां त्यांचें देवघर मोठें," असें ती बोलून गेली, आणि त्यानंतर दोघांचें बोलणें जवळजवळ थांबलें.

निघण्यापूर्वीं एके संध्याकाळीं मी शरणपूर रस्त्यानें एकटीच चालत गेलें. नाशिककरांना हें नांव रोजच्या तोंडचें. पण ज्या शरणपुरामुळें तें पडलें, ती ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसली, ह्याची आठवण आतां कितीकांस असेल? तेथें काम करणारे रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे जन्मानें पारशी. त्यांच्या पत्नी फ्रान्सिना हिंदु घरांत जन्मलेल्या आणि एका इंग्रज दांपत्यानें वाढविलेल्या. पारशी, हिंदु आणि इंग्रज अशा तीन घरांच्या चालीरीति एका संसारांत नांदल्या. त्यांची मुलगी कॉर्नेलिया १८६६ मध्यें नाशकासच जन्मली आणि पुढें ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री झाली. धाकटी ॲलिस डॉक्टर झाली आणि १९०८ मध्यें तिनें डॉक्टर पेनेल ह्या इंग्रज मिशनऱ्याशीं लग्न केलें. सरहद्दीवरील बन्नू येथें त्यांचा संसार सुरू झाला. नवरा इंग्रज असून पठाणी पोषाखांत वावरे, आणि बायको त्याच्या बरोबरीनें रोग्यांची सेवा करी. १९१२ मध्यें रक्तदोषानें पेनेल वारले, आणि तो संसार चार वर्षांच्या आंतच संपला. पण मला त्या रस्त्यावर उभें असतांना एवढेंच जाणवलें कीं, माझ्या मुलीसारख्या वाटेनें जाणारी ती कांहीं पहिलीच नव्हे. त्या वाटेची सुरुवात आमच्याच गांवांत सांपडते.

पण आपल्यासारख्या घरांतील बाईला जवळची वाटते ती लक्ष्मीबाई टिळकांचीच गोष्ट. विमानांत वाचण्यासाठीं मीं 'स्मृतिचित्रें' बरोबर घेतलीं होतीं. तरुणपणीं वाचलीं तेव्हां हंसूनहंसून पुरेवाट झाली होती. ह्या खेपेस हंसूं कमी आलें. नाशिकजवळच्या जलालपूरची ही १८६८ सालीं जन्मलेली मुलगी, कडक सोवळ्याच्या घरांतली. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि हिचा मांडलेला संसार मोडला. सुमारें पांच वर्षें ती नातलगांकडे राहिली. मग मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेली, ती ख्रिस्ती होऊन नव्हे. तिचें पाणी वेगळें, चूल वेगळी, सोवळें वेगळें, आणि टिळकांनीं तें सारें चालू दिलें. सोवळें सुटलें तें तिच्या स्वतःच्या विचारानें, तिच्या वेळीं. आणि १९०० सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला तोहि आपल्या पायांनीं चालत जाऊन. टिळकांचा स्वभाव उतावळा, पण ह्या एका बाबतींत त्यांनीं पत्नीला ओढलें नाहीं. एकाच घरांतल्या दोन चुलींवर तो संसार दुसऱ्यांदा उभा राहिला.

लग्नाचा विधि अर्ध्यापाऊण तासांत आटोपला. वधूवरांनीं एकमेकांस वचनें दिलीं, तीं मुलीनें मला आधींच समजावून सांगितलीं होतीं. आपल्या सप्तपदींत अन्न, बळ, धन, सुख, संतति आणि ऋतु ह्यांसाठीं एकेक पाऊल टाकून सातवें पाऊल सख्यासाठीं टाकतात. आपण चांगलें तें मागतों. त्यांच्या वचनांत मात्र वाईटाचेंहि नांव स्पष्ट घेतलेलें असतें. बऱ्याबरोबर वाईट दिवस, श्रीमंतीबरोबर गरिबी, आरोग्याबरोबर आजार, आणि शेवटीं मृत्यु. मंगलप्रसंगीं हे शब्द ऐकून माझ्या अंगावर शहारा आला. पण मागाहून वाटलें, सख्याचें सातवें पाऊल म्हणजे तरी दुसरें काय?

मग सह्यांचा प्रसंग. तिकडच्या कायद्याप्रमाणें २८ दिवस आधीं नोंदणी कचेरींत सूचना दिलेली होती. आपल्याकडे ३० दिवसांची असते, तशीच. वधूवरांच्या, धर्मोपदेशकांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या व्हावयाच्या. त्यांतली एक सही मीं मराठींत केली. विहीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या कागदावर माझ्या आईचें नांवच नाहीं." मला नवल वाटलें. १८३७ पासून इंग्लंडांत लग्नाच्या नोंदींत फक्त बापाचें नांव आणि धंदा लिहीत. आईचें नांव लिहूं लागले तें २०२१ च्या मे महिन्यापासून! कन्यादानाच्या संकल्पांत आपल्या कुळांतल्या बापाआजांचीं नांवें ऐकत आलेल्या मला त्या क्षणीं विहीणबाई फार जवळच्या वाटल्या.

पुढें पंधरा दिवस मी मुलीच्या नव्या घरीं राहिलें. घर कसलें, दोन खोल्या. पहिल्याच सकाळीं मुलीची धांदल माझ्या लक्षांत आली. जांवईबापू मांसाहारी, आणि मी जन्मांत अंडें न शिवलेली. स्वयंपाकघरांत जाऊन पाहतें तों एका फळीवर नवें पातेलें, नवी कढई, नवा चमचा, आणि वर मराठींत 'आई' असें लिहिलेली चिठ्ठी. अक्षर वांकडेंतिकडें होतें, म्हणजे जांवईबापूंचें! मुलगी ओशाळून म्हणाली, "आई, मीं त्याला सांगितलें कीं एवढें करावयास नको."

"करावयास हवें होतें," मी म्हणालें, आणि त्या रात्रीं जेवतांना मीं दोघांना लक्ष्मीबाईंच्या चुलीची गोष्ट सांगितली. मुलगी इंग्रजींत उलगडून सांगत होती. जांवईबापूंनीं मध्येंच विचारलें, "मग टिळकांनीं तिला कधीं चलच म्हटलें नाहीं?"

"म्हटलें असेल पुष्कळदां, पण ओढलें नाहीं," मी म्हणालें.

मुलगी पुढें उलगडावयाची थांबली. मग हळूच म्हणाली, "बाबांची पण चूल वेगळी राहूं दे, असेंच ना?" मीं उत्तर दिलें नाहीं. मला जें सांगावयाचें होतें तें तिलाच कळलें होतें. लेकीनें घर सोडावयाचें तर तिला आपण वर्षानुवर्षें तयार करतों. बापानें आपल्या मनाचा उंबरठा ओलांडावा, ह्यासाठीं मात्र त्याला चार महिनेहि कोणी देत नाहीं. तिच्या हट्टांत मीहि सामील होतेंच.

नाशकास परत आल्यावर दीड महिन्यानें टपालानें विवाहपत्राची प्रत आली. बरोबर चिठ्ठी नव्हती. ह्यांनीं चष्मा लावून ती ओळ न् ओळ वाचली. स्वतःच्या नांवापुढें 'निवृत्त शिक्षक'. त्याखालीं माझें नांव, आणि त्यापुढें 'शिक्षिका'. मीं उभ्या जन्मांत नोकरी केली नाहीं. गेलीं तीस वर्षें आमच्या ओटीवर शेजारपाजारचीं मुलें वाचावयास बसतात, एवढेंच. मुलीनें तेंच लिहून दिलें होतें.

"बरोबर लिहिलें आहे तिनें," हे म्हणाले. "मी निवृत्त झालों, तुमची शाळा अजून चालू आहे." फार दिवसांनीं ह्यांच्या तोंडावर हंसूं दिसलें. मग उठून ह्यांनीं तो कागद कपाटांतल्या लांकडी पेटींत, मुलीच्या जन्मपत्रिकेवर ठेवला.

पांचाचा सुमार होता. ओटीवर मुलें जमूं लागलीं होतीं. "तिकडे आतां किती वाजले असतील?" ह्यांनीं विचारलें.

"साडेबारा."

"म्हणजे तिची जेवणाची सुटी असेल."

मीं मोबाइल ह्यांच्या जवळ ठेवला, आणि मुलांना शिकवावयास ओटीवर गेलें.