कॉफीचे यंत्र आणि बोअरचे पाणी

मुलीने पहिल्या पगारातून आम्हांला एस्प्रेसो कॉफीचे छोटे यंत्र आणले. अवसरी बुद्रुकच्या आमच्या घरात तोवर चहाच. यंत्रातला पंप नव्वद अंशांवर तापलेले पाणी दाबाने बारीक कॉफीतून ढकलतो आणि २५-३० सेकंदांत घोटभर दाट कॉफी उतरते.

सहा महिन्यांत धार बारीक झाली, मग नुसते थेंब. दुरुस्तीवाला म्हणाला, "टाकून द्या, नवे घ्या." लेकीच्या कष्टाची वस्तू टाकवेना. विचार केला तेव्हा कळले, दोष आमचाच. बोअरचे जड पाणी आम्हीच टाकीत भरत होतो. तापल्यावर त्यातला चुना नळीत साचला होता.

मंचरहून लिंबूसत्त्व आणले. लिटरभर पाण्यात दोन चमचे विरघळवून निम्मे यंत्रातून सोडले, वीस मिनिटे थांबून उरलेले सोडले. मग साध्या पाण्याने दोनदा धुतले. धार पूर्ववत झाली!

आता कारकुनी सवयीने वहीत तारखा लिहितो: जाळी रोज धुणे, क्षार दोन महिन्यांनी काढणे. हे काम पत्नीवर टाकलेले नाही. वाचकहो, कॉफी पिणाऱ्यानेच यंत्र धुवावे, हा आमच्या घरचा नियम आहे.