आधी नोकरी, मग विमान

गल्फहून आलेल्या बॅगा सगळ्यांनाच आठवतात. त्यातला टेपरेकॉर्डर, परदेशी साबणाचा वास, दुधाच्या पावडरीचे डबे. आम्ही चुलत-आत्ते भावंडं एकत्र जमलो की बोलणं वळतं ते त्याच्या आधीच्या दिवसांकडे, काकांना तिकडची नोकरी मिळेपर्यंतच्या. अमेरिकेला शिकायला जाता येई, विलायतेला डॉक्टर पुढच्या परीक्षा द्यायला जात. कुवेत, दुबई, मस्कतचं तसं नव्हतं. तिथल्या कुणी नोकरीवर ठेवून घेतलं आणि आपल्या नावाने व्हिसा काढला, तरच तिथे पाय ठेवता येई. म्हणजे कधी न पाहिलेल्या देशातली नोकरी लालबागच्या दोन खोल्यांत बसून मिळवायची. ती आमच्या घरात अख्ख्या घराने मिळवली, आणि त्याचं श्रेय आजवर फक्त विमानात बसणाऱ्याला मिळत आलं आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध झालं आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. आपल्याकडे रॉकेलच्या रांगा वाढल्या, तिकडे मात्र बंदरं, रिफायनऱ्या, रस्ते, इस्पितळं एकदम उभी राहायला लागली. त्यांना वेल्डर, फिटर, वायरमन, शटरिंगचे सुतार, नर्सेस, टायपिस्ट असे सगळेच हवे होते. आजोबांना त्यात नवल वाटलं नाही. ते बंदरात टॅली क्लार्क होते. अरबांची गलबतं खजूर घेऊन येत तो काळ त्यांनी पाहिला होता आणि आखातात एकेकाळी आपलाच रुपया चालायचा, हे ते अभिमानाने सांगत. ते खरंही होतं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणेपर्यंत तिथे त्याच चालत. पुढे १९८० च्या सुमाराला त्याच दिनाराला एकोणतीसेक रुपये पडू लागले. थोरल्या काकांना इथे महिनाभर राबून जे मिळे, त्याचा हिशेब दिनारात मांडला की आजोबा गप्प होत.

थोरले काका आयटीआय झालेले वेल्डर. माझगावच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. बातमी आणली बाणकोटकडच्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळी चाळ भाई म्हणे. त्यांच्या घरातले पुरुष दोन पिढ्या जहाजावर होते आणि आता मेहुणे, पुतणे कुवेतला. कोकणातल्या मुसलमान घरांना हा रस्ता आमच्या कितीतरी आधी माहीत होता आणि तो त्यांनी हात न राखता दाखवला, हे लिहून ठेवायला हवं. कुठल्या कंपनीचं काम निघालंय, कोणता एजंट पैसे खातो, करारात काय बघायचं, हे भाईंनी आमच्या ओटीवर बसून चहा पीत सांगितलं.

मग बायोडाटा. तो शब्द घरात पहिल्यांदा आला तेव्हा आजीने विचारलं, "अरे, पत्रिका मागतात की काय?" काका सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजी वाचायचे पण लिहायला धजत नसत. ते काम आत्याने केलं. ती टायपिंगची चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा पास होती आणि फोर्टात एका सॉलिसिटरकडे कामाला होती. साहेबांची परवानगी काढून ती संध्याकाळी मागे थांबे. वर एक पांढरा कागद आणि खाली तीन कार्बन. चौथी प्रत इतकी पुसट यायची की ती आम्हाला चित्रं काढायला मिळे. चूक झाली तर चारही कागद रबराने खोडावे लागत, म्हणून ती आधी घरी शाईच्या पेनाने मजकूर लिहून काढी आणि काकांना प्रश्न विचारी. किती जाडीचा पाइप? कोणती इलेक्ट्रोड? उभं वेल्डिंग येतं की फक्त आडवं? काका उत्तरं देत आणि आत्या ती नीट इंग्रजीत मांडी. आपल्याला एवढं येतं हे काकांना त्या कागदावरून पहिल्यांदा कळलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

इंग्रजी पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती शोधायचं काम आम्हा मुलांचं. पेपर शेजारच्यांकडून दुपारी मिळे. त्यात कंपनीचं नाव बहुतेकदा नसायचंच, नुसता बॉक्स नंबर. आम्ही पेन्सिलीने खूण करायची, आत्याने प्रत काढायची, आईने पाकिटावर तिकीट लावायचं, आणि आजोबांनी स्वतः चालत जाऊन ते पोस्टात टाकायचं. पेटीत टाकलेलं त्यांना चालत नसे, पोस्टातच द्यायचं.

ट्रेड टेस्टची आठवण काका स्वतः सांगत, आणि ती सांगताना त्यांचे हात चालत. कुर्ल्याच्या बाजूला एका शेडमध्ये ती झाली. पाइपाचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत तिरके धरून पक्के बसवलेले. पाइप फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं. कधी गुडघ्यावर बसून, कधी मान वाकडी करून खालून. पहिला रूट रन नीट आत उतरला पाहिजे, तोच चुकला तर वर कितीही सुबक थर चढवा, उपयोग नाही. मग त्या जोडातून पट्ट्या कापतात आणि यंत्रावर इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. वाकलेल्या जागी तीन मिलिमीटरहून मोठी चीर उघडली की माणूस नापास. काका त्यासाठी कित्येक दिवस पाळी संपल्यावर वर्कशॉपमध्ये थांबून भंगारातल्या पाइपांवर हात बसवत होते. फोरमनने कधी हटकलं नाही, उलट मोडक्या इलेक्ट्रोडची बंडलं बाजूला काढून ठेवली. डोळ्यांत आर्क लागून घरी आले की आई बटाट्याचे काप त्यांच्या पापण्यांवर ठेवी.

त्या पहिल्या खेपेला टेस्ट पास होऊनही काका गेले नाहीत. एजंटाने मेडिकलचे आणि व्हिसाचे म्हणून पैसे आधीच घेतले होते. आजीने पाटल्या गहाण ठेवून ते उभे केले होते. एके दिवशी त्याच्या ऑफिसला कुलूप दिसलं. जिन्यात उभी असलेली माणसं निरनिराळ्या जिल्ह्यांतली होती, काही तर जमीन गहाण टाकून आलेली. आजीने त्यावर एक शब्द काढला नाही. पाटल्यांचं व्याज मात्र ती दर महिन्याला स्वतः जाऊन भरत राहिली, काकांना जाऊ दिलं नाही.

तेव्हा देशाबाहेर कामाला जाणाऱ्यांसाठीचा कायदा १९२२ चा होता, मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांच्या काळातला. नवा कायदा १९८३ च्या अखेरीला लागू झाला. त्याने एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची केली आणि कमी शिकलेल्या कामगाराला निघण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या ऑफिसातून मंजुरी घ्यायला लावली. पासपोर्टावर तसा शिक्काच बसे. पदवीधरांना त्यातून सूट होती. पुष्कळांना तो शिक्का अपमानाचा वाटे. कुलूप लागलेला तो जिना पाहिलेल्या आमच्या घराला तो आधाराचा वाटला. शिक्क्याने फसवणूक थांबली नाही, पण विचारायला एक टेबल तरी मिळालं.

त्या टेबलापुढे उभे राहिले ते आमचे धाकटे काका. ते गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. वर्ष उलटल्यावर त्यांनीही बायोडाटा करायला घेतला. आत्याचं तोवर लग्न झालं होतं. ती डोंबिवलीहून लोकलने येऊन टाइप करून देई. यावेळी कराराचा कागद तिने ओळ न ओळ वाचला. पगार कोणत्या नाण्यात? ओव्हरटाइम कसा मोजणार? राहायची सोय कोणाची? दोन वर्षांनी परतीचं तिकीट कोण देणार? मुंबईत एका करारावर सही करून तिथे उतरल्यावर दुसराच कागद पुढे येतो, हे भाईंनी सांगून ठेवलं होतं. म्हणून तिने सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. एक संच काकांच्या बॅगेत, एक घरी, आणि एक भाईंच्या कुवेतमधल्या मेहुण्याकडे आधीच पोस्टाने रवाना.

थोरले काका त्याआधीच, भाईंच्या त्याच मेहुण्याच्या शब्दावर, मस्कतला लागले होते. त्यांच्या व्हिसाची नुसती प्रत इथे आली. मूळ कागद तिकडच्या विमानतळावर मिळणार होता. एका पुसट प्रतीच्या भरवशावर माणूस समुद्रापार पाठवायचा, याची त्या रात्री आजोबांना जास्त काळजी होती. विमान सुटल्यावर तिसऱ्या दिवशी तार आली, तेव्हा कुठे ते नीट जेवले.

धाकटे काका कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आत शिरल्या. जॉर्डनमध्ये अम्मानला पोचलेल्या भारतीयांना आणायला एअर इंडियाने दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या केल्या आणि पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं परत आणली. काका त्यांत होते. पाच-सहा वर्षांची कमाई तिकडच्या बँकेत अडकलेली, हातात एक पिशवी. त्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते, करार, पगाराच्या पावत्या, अनुभवाचे दाखले. काकूने ते उन्हात वाळवले, तारखेप्रमाणे लावले, आणि दिवाळीनंतर पुन्हा जाहिरातींवर खुणा सुरू झाल्या. तोवर आम्ही मोठे झालो होतो. यावेळी टायपिंग मी केलं.

आता आमच्या पुढच्या पिढीतली, धाकट्या काकांची नात, नर्सिंग करून जर्मन शिकते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिच्या वर्गात गर्दी वाढली आहे. मुलाखत लॅपटॉपवर, कागदपत्रं मोबाइलवर, घरातल्या कुणाची गरज पडू नये अशी सगळी सोय. तरी गेल्या महिन्यात करार आल्यावर ती सरळ डोंबिवलीला आत्याकडे गेली. आत्या ऐंशीच्या पुढची आहे. तिने चष्मा बदलला, सगळी पानं छापून आणायला लावली आणि पेन्सिल हातात घेऊन विचारलं, "काय गं, भाषेची परीक्षा नापास झालीस तर तिकिटाचे पैसे कोणी भरायचे, हे यात कुठे लिहिलंय ते आधी दाखव मला."