रुक्मिणीचं पत्र आणि लँडाऊचं पुस्तक

रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेलं नव्हतं, त्याच्याविषयी नुसतं ऐकलं होतं. तेवढ्यावर तिने कौंडण्यपुरातून द्वारकेला सात श्लोकांचं पत्र धाडलं. भागवताच्या दशम स्कंधात ते आहे. लोक त्यातल्या प्रेमाचं कौतुक करतात, मला त्यातला बेत आवडतो. लग्नाच्या आदल्या दिवशी देवीची यात्रा निघते, नवरी गावाबाहेर देवळात जाते, तिथून मला घेऊन जा. वेळ, जागा, वाट सगळं त्या पोरीने लिहून दिलं. ओढ ऐकूनच लागली, पण पुढचं ऐकण्यावर सोडलं नाही.

वर्धेच्या काठच्या या कौंडण्यपुरात आषाढाचे दिवस वेगळेच असतात. रुक्मिणीची पालखी चारशेहून अधिक वर्षांच्या परंपरेने पंढरपूरच्या वाटेला लागलेली असते, घाटावर तुरळक माणसं, गढूळ झालेलं पाणी, पलीकडे आर्वीकडचं हिरवं होऊ लागलेलं रान. पेरण्या उरकलेल्या आणि डवरणीला अजून अवकाश, म्हणून शेतकऱ्यांची कॉलेजात शिकणारी पोरं अशा दिवसांत मोकळी सापडतात. त्यातलाच एक, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा, देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसला.

“सर, स्ट्रिंग थिअरी शिकाची हाय मले. सुरुवातीले कोन्तं पुस्तक घेऊ?”

मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकून त्याला हे वेड लागलं होतं. पोल्चिन्स्कीच्या ग्रंथाचे दोन्ही खंड त्याने उतरवून घेतले होते. पहिल्याच प्रकरणात स्ट्रिंगची अ‍ॅक्शन येते. तिथपर्यंत पोरगं पोचलं आणि थांबलं. आपण ढ आहोत, असा निष्कर्षही त्याने काढून टाकला होता. हा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. पुस्तक चुकलं असेल, ही शंका कुणाला येत नाही.

हॉकिंगचं 1988चं ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ घ्या नाहीतर जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ घ्या, अशी पुस्तकं ओढ लावतात, आणि ते काम लहान नव्हे. पण ती शंभर वेळा वाचली तरी एक समीकरण सुटत नाही. शिकण्याच्या पुस्तकाची जात निराळी. त्याला प्रकरणाच्या शेवटी प्रश्न असतात, आणि खरं पुस्तक तिथेच असतं.

नारळीकरांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’मध्ये बनारसच्या घरातल्या फळ्यांची गोष्ट सांगितली आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख, सापेक्षतेवर काम करणारे. घरात पुस्तकांना काय तोटा? पण मुलाला गणिताची चटक लावली ती मोरूमामाने. मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला त्यांच्याकडे राहत होते. फळ्यावर ते एक कोडं लिहून ठेवत, भाच्याच्या नावाने, आव्हान म्हणून. सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते पुसलं जात नसे. येता-जाता, जेवता-खाता ते डोळ्यांसमोर. प्रत्येक पोराला असा मामा कुठून मिळणार? म्हणून मी पुस्तक निवडताना आधी शेवटचे प्रश्न पाहतो. त्यात मामा आहे का, हे बघायचं.

भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊनेही हेच केलं होतं. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्याला ‘थिअरेटिकल मिनिमम’ नावाच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि सुरुवात गणिताने होई: इंटिग्रल सोडव, डिफरन्शियल इक्वेशन सोडव. त्याच्या हयातीत 43 जणच पार पडले. त्याचं आणि लिफ्शित्झचं ‘मेकॅनिक्स’ जेमतेम पावणेदोनशे पानांचं. पोराने तेही आणलं होतं, पातळ दिसलं म्हणून. पातळ पुस्तकांपासून सावध राहावं. डिरॅकचं सामान्य सापेक्षतेवरचं 1975चं पुस्तक सत्तरेक पानांचं आहे, आणि एका ओळीतून दुसरीत जायला कधी अख्खी दुपार लागते.

तरी लँडाऊचं एक पान मी त्याला तिथेच उघडून दाखवलं. एक मोकळा कण घे, म्हटलं, आजूबाजूला काही नाही. आता ही जागा आणि पलीकडच्या काठावरची जागा यांत फरक आहे का? नाही. मग त्याच्या लॅग्रांजियनमध्ये स्थान येऊ शकत नाही. काल आणि आज यांत फरक? नाही, म्हणजे काळही गेला. उत्तर आणि दक्षिण सारख्याच, म्हणजे वेगाची दिशाही गेली. उरला वेगाचा वर्ग. शेवटी गॅलिलिओची सापेक्षता लावली की अर्धा एम व्ही वर्ग हातात येतो. शाळेत पाठ केलेलं सूत्र अवकाशाच्या साधेपणातून असं उगवतं. पोरगं बराच वेळ नदीकडे बघत राहिलं, मग म्हणालं, “हे आमाले कोनी सांगतलंच नाही.”

तरीही त्याला मी लँडाऊ पहिलं पुस्तक म्हणून दिलं नाही. ते दुसरं पुस्तक आहे. ज्याने टेलर किंवा गोल्डस्टीनचं मेकॅनिक्स वाचताना वहीभर उदाहरणं सोडवली आहेत, त्याला लँडाऊ वाचताना आनंद होतो. नवख्याला फक्त दरारा वाटतो.

पहिल्यासाठी माझं मत ग्रिफिथ्सला. त्याच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं पहिलं प्रकरण व्हेक्टर अ‍ॅनालिसिसचंच आहे. गणित दुसरीकडून शिकून या, असं तो दारातूनच सांगत नाही. त्याच्याच क्वांटम मेकॅनिक्सबरोबर मेरी बोआसचं गणिताचं पुस्तक उशाशी हवं. सापेक्षतेला हार्टल, कारण तो भौतिकी आधी सांगतो आणि जड गणित मागून आणतो. मग शुट्झ, किंवा नारळीकरांचं 2010चं ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू रिलेटिव्हिटी’. मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर यांचा बाराशेहून अधिक पानांचा ‘ग्रॅव्हिटेशन’ कपाटात शोभतो, वेळप्रसंगी उघडावा. आणि स्ट्रिंगचं वेड तोवर टिकलंच, तर पोल्चिन्स्कीच्या आधी झ्वीबाख. एमआयटीच्या पदवीच्या मुलांना शिकवता शिकवता लिहिलेलं ते पुस्तक आहे.

इंग्रजीचं काय, हे त्याने विचारलं नाही, पण मनात होतंच. नोबेल मिळालेला डच शास्त्रज्ञ टहोफ्ट याने होतकरूंसाठी विषयांची यादी केली आहे, तिच्यात सर्वांत आधी भाषा येते, इंग्रजी यायलाच हवी म्हणतो. मराठी शाळेतून आलेल्याला हे जाचतं. पण या पुस्तकांतली इंग्रजी कादंबरीची नव्हे. तीच दोनेकशे वाक्यं फिरून फिरून येतात, महिन्याभरात ओळखीची होतात. अडतं ते समीकरणाशी, आणि ते कुठल्याच बोलीत लिहिलेलं नसतं. एकट्याने वाचायला जड जात असेल, तर आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत, आणि विचारायला माणसं अमरावतीत आहेत. किंग एडवर्ड कॉलेज म्हणून 1923 साली सुरू झालेली आताची विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था चाळीसेक किलोमीटरवर. नागपूर-अमरावतीच्या गणित विभागांतून आईन्स्टाईनच्या समीकरणांवर कित्येकांनी पीएचडी केली, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं.

तेव्हा दुकानात किंवा लायब्ररीत गेलात, तर प्रस्तावना वाचू नका, पानं मोजू नका. पहिल्या प्रकरणाच्या शेवटचे दहा प्रश्न वहीत उतरवून घरी आणा आणि आठवडाभर झगडा. एकही सुटला नाही, तर एक पायरी खालचं पुस्तक घ्या. दहाच्या दहा सुटले, तर वरचं. चार-पाच सुटले आणि उरलेल्यांनी झोप उडवली, तर तेच पुस्तक विकत घ्या.