गुळाचा चहा, साखरेचा पाक

आजोळी चहा गुळाचा व्हायचा आणि साखर मधमाश्यांना मिळायची. महाबळेश्वरच्या डोंगरातलं गाव. त्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. जूनमध्ये झड लागली की सातेरी माशीला पेटीबाहेर पडता येत नाही, आणि पडली तरी रानात फूल नाही. मग रेशनच्या साखरेतला बराचसा वाटा आबा पेट्यांसाठी बाजूला काढायचे. आजी धुसफुसायची. त्यांनाच गूळ घाला की, म्हणायची. आबांचं उत्तर ठरलेलं: गुळानं त्यांना हगवण लागते. ते खरंच आहे. गुळातली मळी माशीला पचत नाही, आणि पावसात बाहेर उडून पोट साफ करता आलं नाही की पेटीतच घाण होते.

पाकाची रीत साधी. जितकी साखर तितकं पाणी, विरघळेपुरतं गरम करायचं, करपू द्यायचं नाही, पुरतं निवल्यावर करवंटीत ओतायचं. वर गवताच्या काड्या आडव्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडून मरतात. करवंटी पेटीच्या आत, झाकणाखाली ठेवायची, तीही दिवस मावळताना. बाहेर थेंब सांडला तर दुसऱ्या पेटीतल्या माश्या वासावर येऊन लूट मांडतात. कंदिलाच्या उजेडात मी वाकून बघायचो. काडीवर माश्या ओळीनं बसलेल्या, सोंडा पाकात, पोटाचे पट्टे आतबाहेर होत असलेले.

‘‘उपकार न्हाई करत आपण,’’ आबा म्हणायचे. ‘‘उन्हाळ्यात घेतलं, त्यातलं थोडं परत देतोय.’’

जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो तेव्हा माशी पुढच्या तंगीसाठी मध साठवते आणि तो आपण काढून घेतो. मधमाश्यांच्या खाद्यावर बोलताना नेमकी हीच बाजू गाळली जाते. मध काढायच्या हंगामात पाक देणाऱ्याला तर आबा सरळ चोर म्हणत. तो मध नव्हेच, माशीकडून फिरवून घेतलेली साखर!

पुढे नोकरीनिमित्त पुण्याला आलो. 1962 साली सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था इथलीच. तिथल्या प्रशिक्षणात आबांच्या रीतीमागचं गणित कळलं. साखरेनं माशी फक्त तग धरते. पिलं वाढतात ती परागावर, कारण प्रथिनं असतात परागात. पराग नसेल तेव्हा भाजलेल्या हरभरा डाळीचं किंवा सोयाबीनचं पीठ, यीस्ट आणि पिठीसाखर मळून त्याची वडी चौकटींवर ठेवतात. वेळ भागते, पण परागाची सर त्याला नाही.

2022 मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ जाहीर झालं. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या शहरी मंडळींना मधमाशीचा भारी पुळका आलाय. कुणी गॅलरीत साखरपाण्याची ताटली ठेवतं, कुणी बाजारचा मध पातळ करून. (आग्या मोहोळ लागलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करणारेही तेच, हा भाग वेगळा.) उघड्या ताटलीवर मुंग्या येतात, माश्यांची मारामारी होते, एकीचा रोग दुसरीला लागतो. मधातून तर पिलं कुजवणाऱ्या फाउलब्रूडचे जंतू थेट पोळ्यात जातात. शिवाय ज्याच्याकडे पेटी नाही त्यानं पाक द्यायचा तरी कुणाला?

माझ्या गच्चीत पेटी नाही. तुळस आहे, सब्जा आहे, कढीपत्ता आहे, आणि मुद्दाम न उपटलेली कोथिंबीर. तिच्या पांढऱ्या फुलांवर सकाळी फुलोरी माश्या असतात. तुळशीवर निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी येते. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला ती लटकते, अंग थरथरवते आणि मग पराग झडतो. ही थरथर सातेरीला जमत नाही. भुंग्याला जमते, पण तो पोकळ बांबूत किंवा वाळक्या लाकडात घर करतो आणि आपण तेवढंच नेमकं टापटिपीपायी फेकून देतो.

तेव्हा साखर चहात घाला. ताटलीत खडे रचून साधं पाणी ठेवा आणि ते रोज बदला. गोंड्याच्या गच्च पाकळ्यांच्या संकरित जाती दिसायला छान, पण माशीला आत शिरायला वाव नसतो; साधा गावठी झेंडू लावा. फुलात असलेल्या झाडावर औषध मारू नका. आणि पुढच्या खेपेला कोथिंबीर फुलावर आली की लगेच उपटू नका.