परके लेकरू सांभाळताना

सांगोला

ती. सौ. वहिनींस,

प्रतिपालक म्हणून एखादे मूल घरी आणावे काय, आणि ज्याला पुढेमागे त्याच्या माणसांत परत धाडावयाचे त्याच्यावर जीव कितपत लावावा, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकाआधी कोल्हापूरलगतच्या वळिवड्यात सापडते. 1943 ते 1948 या काळात तेथील छावणीत सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सरकारने हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी वाचलेल्या या स्त्रिया आणि ही मुले. कोणाची आई वाटेतच गेलेली, कोणाचे वडील फौजेत, कोणाच्या माणसांचा ठावठिकाणाच नाही. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीस आश्रय दिलेली मुलेही 1946 मध्ये तेथली छावणी मोडल्यावर वळिवड्यासच आली.

या आश्रयात मला सर्वांत थोर वाटते ते हे की, मुलांना अन्नवस्त्र देताना त्यांचे कूळ, भाषा व धर्म यांवर कोणी हक्क सांगितला नाही. शाळा पोलिश, शिक्षक पोलिश, चर्च आणि बालवीरांची पथकेही त्यांचीच. छावणी रिती झाली, मुले देशोदेशी पांगली. तरीही 2019 मध्ये त्यांतले काही वृद्ध कोल्हापुरास आवर्जून येऊन गेले. तेव्हा जीव लावण्यात हात आखडता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथून जवळच पंढरपुरात प्रार्थनासमाजाचे नवरंगे बालकाश्रम एकोणिसाव्या शतकापासून निराधार लेकरांना आसरा देत आले आहे, आणि त्या कार्यापुढे मी नतमस्तक आहे; परंतु संस्थेतली पंगत ती पंगत आणि घरातले ताट ते ताट. दत्तकविधानाने नाते कायमचे बदलते, प्रतिपालनात मूल अमानत असते. म्हणूनच 2015 च्या बाल न्याय अधिनियमात, बालकल्याण समितीस मुलाच्या हिताविरुद्ध वाटत नसेल तर, जन्मदात्यांना नियमित भेटीची मुभा आहे, आणि ते सांभाळण्यास समर्थ ठरल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते.

त्याच्या आईचे छायाचित्र असेल तर ते पेटीच्या तळाशी न ठेवता त्याच्या नजरेसमोर भिंतीवर लावा. ती भेटीस आली म्हणजे वाढलेले ताट तिच्या हाती द्या, घास तिलाच भरवू द्या. त्या वेळी आपल्या पोटात तुटेल, तरी ते सोसावे.

अर्जाची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या दफ्तरी करावी. आणि भावंडे असल्यास, वहिनी, एकट्याला आणू नका, दोघांनाही मागून घ्या.



आपला,
धाकटा दीर