मी स्टेशन तपासतो

परीक्षक म्हणून माझी थोडीफार ख्याती आहे; ती चांगली आहे, असे मात्र विद्यार्थी म्हणत नाहीत. वीस वर्षे मराठीचे पेपर तपासून हात असा काही बसला आहे की, पुढ्यात येईल त्याला गुण दिल्याखेरीज मला चैन पडत नाही. हॉटेलातल्या चहाला, सत्कारसभेतल्या भाषणाला, सौभाग्यवतींच्या नव्या भाजीला (हे मनातल्या मनात!) मी गुण देत असतो. तेव्हा मंडईचे भुयारी स्टेशन माझ्या तावडीतून सुटणे शक्यच नव्हते.

निमित्त झाले आईचे. आईचे वय पंचाहत्तर, माहेर शनिवार पेठेतले, आणि मुक्काम आमच्याकडे कोथरुडात. “दारावर येते ती काय भाजी म्हणायची?” हे तिचे ठाम मत. पण गुडघे कुरकुरू लागले, लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत रिक्षा तासतासभर अडकू लागली, आणि तिची मंडई सुटली ती सुटलीच. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला, तेव्हापासून तिला पुन्हा मंडईत न्यायचे माझ्या मनात होते. मात्र न तपासता पुढे पाठवणे हे माझ्या पेशात बसत नाही. एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन एकटाच निघालो.

आयडियल कॉलनीपासून गाडी उंच खांबांवरून धावते. जिल्हा न्यायालयाशी ती बदलून दुसरीसाठी खाली उतरायचे, तेही थोडेथोडके नव्हे, जमिनीखाली सुमारे तेहेतीस मीटर! एवढ्या खोलवरही सूर्यप्रकाश पोचेल अशी तिथली रचना आहे. त्याबद्दल मी दोन गुण जास्त दिले. पुढे कसबा पेठ, मग मंडई. ‘लिफ्ट : आहे. सरकते जिने : आहेत. चढउतार : गुडघ्यांना झेपेल.’ पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घही तपासले. खोड जात नाही.

वर आलो तर समोर मंडईची अष्टकोनी दगडी इमारत, १८८६ सालची. तिच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि पुढे नाव मिळाले ते त्यांचेच! काळसुद्धा कधीकधी फेरतपासणी करतो म्हणायचा. स्टेशनला मी शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी गुण दिले आणि विजयी मुद्रेने घरी परतलो.

आई मेथी निवडत होती. मी सारा अहवाल वाचून दाखवला. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नावे दिली होती, हेही उत्साहाने सांगितले.

“मुठेचं नाव कशाला?”

“अगं, बोगदा तिच्याच तर खालून गेलाय!”

आईचे हात थांबले. “नदीच्या खालून? मग मी नाही येत.”

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा आई अकरा वर्षांची होती. ती गोष्ट ती दर पावसाळ्यात सांगते, आणि तीही हसत हसत : घरातले सारे वाहून गेले, पण पाटा काही जागचा हलला नाही, वरवंटा सापडला तो शेजाऱ्यांच्या चिखलात! आम्हीही पोट धरधरून हसत आलो. तिच्या सांगण्यात भीतीचा शब्द नव्हता. म्हणून भीतीच नव्हती, असे मी धरून चाललो. वर्गात मी अभिधा, लक्षणा, व्यंजना घसा कोरडा करून शिकवतो. घरी मात्र अभिधेवरच थांबलो होतो.

मी पुन्हा तो विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी एका सकाळी तीच पिशवी घेऊन दारात उभी राहिली. “चल. बघू तरी तुझं स्टेशन.”

न्यायालयाशी खाली उतरताना ती गप्प होती. गाडी बोगद्यात शिरली आणि तिने माझे मनगट घट्ट धरले.

“आली का रे नदी?”

बाहेर काळोख. मला तरी काय दिसणार? “आली,” मी म्हणालो. तिने डोळे मिटले.

कसबा पेठेचे दिवे दिसले.

“गेली?”

“गेली.”

तिने हात सोडला. मनगटावर बोटांचे वळ उमटले होते.

मंडईत मात्र तिने तासभर मला मागे मागे हिंडवले. गवारीची शेंग मोडून पाहिली, घासाघीस केली, वर कढीपत्ता फुकट मागून घेतला. परतीच्या वाटेवर पुन्हा नदी आली. तिने मनगट धरले खरे, पण बोलत होती ती गवारीच्या भावाबद्दल.

“स्टेशनला किती दिलेस म्हणालास?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“दे, चांगलं आहे.”

मला राहवेना. “आणि मला गं?”

आईने मला चष्म्यावरून नीट न्याहाळले.

“तू? काठावर पास!”